गाय चारा खाते, पण मागून उठत नाही: कुठली नस दबली ते पाय बघून ओळखा

तक्रार ठरलेली असते. रात्री गाय व्याली, वासरू मोठं होतं, चार जणांनी दोर लावून ओढलं. सकाळी गाय उठेना. डॉक्टर आले, कॅल्शियम लावलं. कान गरम झाले, रवंथ सुरू झाली, पुढ्यात टाकलेली वैरण गाय ओढून खाऊ लागली. पण मागचा भाग उचलत नाही. मग संध्याकाळी दुसरी बाटली, उद्या तिसरी. जरा विचारपूस केली की कळतं, याच गोठ्यात गेल्या वर्षीही एक कालवड अशीच बसली होती.

अशा गाईत कॅल्शियमचा प्रश्न बहुतेक वेळा पहिल्या बाटलीतच मिटलेला असतो. तिसऱ्या बाटलीचा फायदा नाही, धोका मात्र खरा आहे. रक्तात कॅल्शियम गरजेपेक्षा चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात आणि सुई शिरेत असतानाच गाय जाऊ शकते. गाय तोंडानं चांगली आणि मागून गेलेली असेल, तर मागच्या पायांच्या स्नायूंना चालवणाऱ्या नसा, म्हणजे मज्जातंतू, कुठेतरी दबल्यात किंवा ताणल्या गेल्यात असं धरून चालावं. त्यातली कुठली नस गेली हे पाय कसा पडतो त्यावरून बऱ्यापैकी कळतं. त्याला यंत्र लागत नाही. पण नस शोधत बसण्याआधी एक काम उरकून घ्या.

आधी गाय फरशीवरून हलवा

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात व्हिक्टर कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. तो १९८२ साली प्रसिद्ध झाला. निरोगी गायींना भूल देऊन, मागचा एक पाय अंगाखाली राहील अशा सहा ते बारा तास बसवून ठेवलं. या गायी व्यालेल्या नव्हत्या, त्यांना ओढाताण झालेली नव्हती, कॅल्शियमही कमी नव्हतं. तरी भूल उतरल्यावर त्यांतल्या निम्म्या गायी उठूच शकल्या नाहीत.

चार-पाचशे किलोचं धूड एका मांडीवर तासन्‌तास पडलं की त्या मांडीतला रक्तपुरवठा अडतो. स्नायू सुजतात. पण त्यांच्यावरचं आवरण घट्ट असल्यामुळे सुजेला पसरायला जागा मिळत नाही. आत दाब वाढत जातो आणि त्या स्नायूंमधून जाणारी नसही चेपली जाते. म्हणजे पहिली इजा विताना झालेली असो वा नसो, दुसरी इजा गोठ्याच्या कडक फरशीवर होते, आणि अनेकदा गाईला कायमची बसवते ती ही दुसरीच. ‘उद्या सकाळी बघू’ म्हणून सोडलेली रात्र सगळ्यात महाग पडते ती यामुळे.

म्हणून पहिल्या दोन-तीन तासांतच गाय मातीवर, वाळूवर किंवा फूटभर जाड पेंढ्यावर न्या. वाळू मिळाली तर फारच उत्तम, कारण खूर रुतून तिला आधार मिळतो. फरशीवर नुसतं पाचट टाकून काही होत नाही, ते सरकतं आणि पाय आणखी फाकतात. नेताना पायाला किंवा मानेला दोर बांधून फरफटू नका. जाड ताडपत्रीवर किंवा जुन्या दाराच्या फळीवर कलंडवून ओढा. पोत्यांमध्ये भुसा भरून दोन्ही बाजूंनी टेकू द्या, म्हणजे ती छातीवर बसून राहील, आडवी पडून फुगणार नाही. दर तीन तासांनी कूस बदला. रात्रीसुद्धा. कूस बदलताना खाली गेलेला मागचा पाय हातानं ओढून बाहेर काढायचा, तो विसरला तर कूस बदलल्याचा अर्धा फायदा गेला.

नस सोडून दुसरं काही आहे का

डॉक्टर येईपर्यंत काही गोष्टी तुम्हालाही पाहता येतात. मान मागे वळवून कुशीवर टाकलेली, कान गार, नाकपुडी कोरडी, शेण थांबलेलं असेल, तर कॅल्शियमची कमतरता अजून आहे. कासेचा एखादा सड गरम, दूध पाण्यासारखं आणि गाय मलूल असेल, तर कासदाहाचं विष अंगात भिनलेलं असू शकतं, मग पायाकडे बघण्यात वेळ घालवू नका. एक पाय भलत्याच कोनात असेल, किंवा एकानं पाय हळू फिरवल्यावर दुसऱ्याच्या खुब्यावर ठेवलेल्या हाताला करकर जाणवली, तर मोड किंवा खुबा निसटणं यांचा विचार आधी. स्फुरद कमी पडलेली गायही हुशार असते आणि मागून उठत नाही. ती बाजू रक्ताच्या तपासणीनं कळते.

एक सूचना मात्र ठळक करून सांगतो. व्याण्याशी संबंध नाही, मागचे पाय दोन दिवसांत हळूहळू लुळे पडत गेले, गाय वेगळ्याच आवाजात हंबरते, लाळ गाळते, गिळता येत नाही, असं असेल तर तोंडात हात घालू नका. पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा कुणी पाहिलेला नसला तरी तो रोग, म्हणजे रेबीज, असू शकतो. ‘घशात काही अडकलंय का’ म्हणून हात घालणाऱ्यांना नंतर लसीसाठी धावावं लागतं.

पाय फाकतात

ही सगळ्यात नेहमीची तक्रार. ऑब्च्युरेटर नावाची नस कमरेच्या चौथ्या ते सहाव्या मणक्यांपाशी निघते, कटीच्या हाडाच्या आतल्या अंगाला चिकटून खाली उतरते आणि हाडातल्या भोकातून मांडीच्या आतल्या बाजूला जाते. तिच्याकडे काम एकच, मांड्या एकमेकींकडे ओढून धरणाऱ्या स्नायूंना चालवणं. वासरू मोठं असलं आणि तासभर मार्गात अडकून राहिलं की हाड आणि वासरू यांच्या मधे ही नस चेपते. एकाच बाजूची गेली तर गाय उभी राहते, पण तो पाय बाहेर सरकत राहतो. दोन्हीकडची गेली तर घसरत्या जमिनीवर दोन्ही पाय फाकून बेडूक बसतो तशी बसते.

गंमत अशी, की ही नस एकटी गेल्यानं गाय बसत नाही. याच कॉक्स यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर १९७५ साली शस्त्रक्रियेनं ऑब्च्युरेटर नस कापून पाहिली होती. घसरत नसलेल्या जमिनीवर गायी उठत-चालत होत्या. उठता न येण्यात मोठा वाटा सायटिक नसेच्या, म्हणजे मागच्या पायाच्या मुख्य नसेच्या, मुळाचा असतो. कमरेच्या सहाव्या मणक्यापासून येणारं हे मूळ त्रिकास्थीच्या (कमरेच्या मणक्यांमागच्या हाडाच्या) पुढच्या कडेखालून, अगदी हाडाला घासून जातं, आणि वासराचा दाब तिथेही तेवढाच येतो. म्हणून ‘ऑब्च्युरेटर गेली’ असं निदान झालेल्या गाईचा खूरही दुमडतोय का, हे जरूर पाहा. नुसते पाय फाकत असतील आणि खूर सरळ पडत असेल, तर आशा चांगली आहे.

उपाय साधा आहे आणि त्याच दिवशी करायचा आहे. मागच्या दोन्ही पायांना, खुरावरच्या सांध्याच्या थोडं वर, रुंद पट्टा किंवा गोणपाटाची मऊ घडी गुंडाळा. मग दोन्ही पायांत साधारण दोन फुटांचं अंतर राहील असा दोर बांधा. बारीक सुतळी नको, ती कातडीत रुतते. हा दोर नसेला बरं करत नाही. उठण्याच्या धडपडीत पाय दोन्हीकडे फाटून मांडीचे स्नायू तुटतात किंवा खुबा निसटतो, तेवढं तो टाळतो. खुबा निसटला तर नस बरी होऊनही उपयोग नाही.

खूर दुमडतो, गाय खुराच्या पाठीवर पाय टाकते

ही पेरोनियल. सायटिक नसेची ही फांदी मागच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूनं जाते आणि तिथे ती जवळजवळ कातडीखालीच असते, खाली हाड. गाय कडक फरशीवर एका कुशीवर पडून राहिली की दाब नेमका तिथे. पंजा वर उचलणारे, खूर पुढे टाकणारे स्नायू हिच्या ताब्यात. ती गेली की खुरावरचा सांधा पुढे दुमडतो, त्याच्या वरचा मागे टोक असलेला सांधा मात्र ताठ सरळ होतो. हातानं खूर सरळ करून ठेवला तर गाय त्या पायावर भार घेते, पुढच्या पावलाला पुन्हा दुमडते.

खात्रीसाठी खुराच्या वर, पायाच्या पुढच्या बाजूची कातडी चिमट्यानं दाबून बघा. पाय ओढला नाही आणि गाईनं मानही वळवली नाही, तर तिथली जाणीव गेलेली आहे. मग पायाच्या मागच्या बाजूला तसंच बघा. मागे कळतं आणि पुढे कळत नाही, हे पेरोनियलच्या बाजूचं लक्षण.

यात धोका नसेपेक्षा सांध्याला जास्त. खुराची पाठ आणि सांधा जमिनीवर घासून कातडी जाते आणि सांधा उघडा पडला की जनावर हातचं गेलं. चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याची अर्धी पन्हळ घ्या, आत भरपूर कापूस लावा, खूर सरळ धरून पट्टीनं बांधा. कडा तासून गोल करा. दर दोन-तीन दिवसांनी सोडून कातडी बघायची. नुसत्या दाबानं गेलेली पेरोनियल बहुधा काही दिवसांत ते काही आठवड्यांत परत येते.

मागचा टोकाचा सांधा खाली बसतो

टिबियल. पिंढरीचे स्नायू ढिले पडतात, सांधा वाकतो आणि खाली येतो, खुरावरचा सांधा थोडा पुढे झुकतो, पण खूर तळव्यावरच पडतो. गाय चालते. इथे एक घोटाळा होतो: पिंढरीचा मोठा स्नायू तुटला तरी सांधा असाच खाली बसतो. तुटलेल्यात मांडीच्या मागे खाली सूज आणि दुखणं असतं, आणि तो फारसा सुधारत नाही.

इंजेक्शननंतर लंगडणारं वासरू

पूर्ण सायटिक गेली की पाय लोंबतो, खूर दुमडून फरफटतो, पण पाय नीट खाली ठेवून दिला तर गुडघा टिकतो, कारण गुडघा सरळ धरणारे स्नायू वेगळ्या नसेवर आहेत. मोठ्या गाईत हे विताना किंवा बसून राहिल्यानं होतं. वासरात मात्र पहिला संशय पुठ्ठ्यात टोचलेल्या सुईवर घ्यावा. वासराला पुठ्ठ्यावर मांस ते किती असणार, आणि खुब्याच्या मागून हीच नस खाली जाते. झोंबणारं औषध तिच्या आसपास पडलं तर पाय जातो. सुई मानेत टोचायची, खांद्याच्या पुढच्या त्रिकोणात. ‘पुठ्ठ्यात बरं पडतं’ म्हणणाऱ्याला वासरू देऊच नका.

जन्मतः पाय न टेकणारं वासरू

वासरू डोक्याकडून आलं, धड बाहेर आलं आणि खुबे अडकले. वरून ओढाताण चालूच. अशा वेळी वासराचा मागचा पाय आतल्या आत जास्तच मागे ताणला जातो आणि फेमोरल नस दुखावते. गुडघा सरळ धरणारे मांडीच्या पुढचे स्नायू हिचे, आणि गुडघा टिकला नाही तर त्या पायावर भार घेताच येत नाही. वासरू उभं करायला जावं तर पाय घडी होतो, गुडघ्याची वाटी हाताला इकडेतिकडे सरकते. आठ-दहा दिवसांत मांडीचा पुढचा भाग बसलेला डोळ्यांना दिसतो. वाटीखालच्या दोरीवर बोटानं टिचकी मारली तर निरोगी वासराचा पाय उडतो, याचा उडत नाही.

एकाच पायाचं असेल तर सांभाळण्यासारखं असतं. दोन्ही पायांचं असेल तर अवघड. दोन्हींत पहिला धोका उपासाचा, कारण उठता न येणारं वासरू कासेपर्यंत पोचत नाही. वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक पहिल्या काही तासांत बाटलीनं पाजा, त्यातला निम्मा दोन तासांच्या आत.

वाटी सरकणं आणि वाटी अडकणं यांत गल्लत नको. मोठ्या बैलाचा किंवा म्हशीचा पाय मागे ताठ राहतो, मग झटक्यात सुटतो, तिथे नस ठीक आहे. वाटी वर अडकते आहे. डॉक्टर उभ्या जनावरावरच छोटी शस्त्रक्रिया करून ते सोडवतात.

पुढचा पाय

पत्री मारायला बैल पाडला, कडक जमिनीवर बराच वेळ एका कुशीवर दाबून धरला, आणि उठल्यावर खालच्या बाजूचा पुढचा पाय टाकेना: रेडियल नस दंडाच्या हाडाला वळसा घालून जाते, ती दबली. कोपर खाली लोंबतं, खूर दुमडतो. पाडण्याआधी खाली पेंढा, आणि काम लवकर. खांद्याच्या नसेचं दुखणं वेगळं. फऱ्यावर जोराचा मार बसून सुप्रास्कॅप्युलर नस गेली की खांदा चालताना बाहेर फेकला जातो आणि थोड्या आठवड्यांत फऱ्याच्या हाडाची उभी धार वर दिसू लागते. अशा बैलाला औताला जुंपायचं नाही, बस.

औषधांचं काय

सूज उतरवणाऱ्या इंजेक्शनचा उपयोग पहिल्या एक-दोन दिवसांत जास्त. कुठलं द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. डायक्लोफिनॅक मात्र गोठ्यात शिल्लक असेल तर वापरू नका. गिधाडांच्या मृत्यूमुळे जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकवरही आली. मेलॉक्सिकॅम चालतं. ‘नसेचं इंजेक्शन’ म्हणून मिळणारी बी-गटातल्या जीवनसत्त्वांची लाल बाटली द्यायला हरकत नाही, पण तिच्या भरवशावर कूस बदलणं सोडू नका. पुठ्ठ्यावर डाग देणं, बिब्बा लावणं हे तर सरळ बंद करा. जिथे जाणीव गेली आहे तिथे भाजलेलं गाईला कळत नाही, तुम्हालाही जखम चिघळेपर्यंत कळत नाही.

उचलण्याचा चिमटा खुब्यावर लावता येतो, पण गादी घालून, दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटं. उचलल्यावर तिनं पायांवर भार घेतला पाहिजे. नुसती लोंबकळत असेल तर लगेच खाली घ्या. टांगून ठेवलेल्या गाईच्या खुब्याभोवतीचे स्नायू चिमट्यानंच मरतात.

किती दिवस वाट बघायची? दाबलेली नस तुटलेली नसेल तर सुधारणा दिवसांत दिसते. पहिल्या चार-पाच दिवसांत उठण्याचा प्रयत्न वाढतोय, पुढे सरकतेय, एखादा पाय टेकतेय, तर चालू ठेवा. आतून तुटलेली नस वाढते, पण दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. कमरेपासून गुडघ्याखालच्या स्नायूंपर्यंतचं अंतर मोजा, म्हणजे वर तुटलेल्या नसेचं उत्तर मिळेल. दोन आठवडे होऊन उठण्याची धडपडच थांबली आणि अंगावर जखमा पडू लागल्या, तर डॉक्टरांशी पुढचं स्पष्ट बोलून घ्यावं.

त्याच गोठ्यात पुन्हा का

गुळगुळीत झालेली शहाबादी फरशी किंवा घोटलेला कोबा असेल, तर पहिलं कारण पायाखालीच आहे. खाचे पाडून घ्या, नाहीतर विण्याच्या आठवड्यात गाय मुरमाच्या किंवा मातीच्या मोकळ्या जागेत ठेवा. मुक्त गोठेवाल्यांकडे पाय फाकणाऱ्या गायी कमी दिसतात त्या यामुळेच. आटलेल्या गाईला शेवटच्या तीन आठवड्यांत लसूणघास भरपूर घालत असाल तर तो कमी करा. त्यात कॅल्शियम आणि पालाश दोन्ही जास्त, आणि त्यामुळेच व्याल्यावर कॅल्शियम घसरतं. कॅल्शियम घसरलं की गाय बसते, बसली की मांडी चेपते.

कालवड अडीचशे किलोच्या आत असताना भरवू नका, आणि पहिल्या विताला मोठ्या वासरांसाठी ओळखल्या जाणाऱ्या होल्स्टीन वळूच्या रेताची कांडी नको. सोप्या विण्याची नोंद असलेला वळू मागा, किंवा जर्सी.

राहिली ओढाताण. दोर वासराच्या खुरावरच्या सांध्याच्या वर बांधा, खाली दुसरी अढी घाला. एकदा एक पाय, मग दुसरा, आणि गाय कळ देईल तेव्हाच ओढायचं, मधे थांबायचं. खुबे अडकले की ओढणं थांबवा. गाईच्या कटीचं भोक उभ्यात जास्त रुंद असतं, म्हणून वासराला बाहेर आलेल्या धडाकडून पाव वळसा फिरवा, मग गाईच्या मागच्या सांध्यांच्या दिशेनं, खाली ओढा. ट्रॅक्टर, जीप, बैलजोडी लावायची नाही. दोन माणसांच्या जोरानं वासरू सरकत नसेल तर १९६२ वर फोन करून फिरतं पथक मागवा, आणि ते येईपर्यंत दोर सैल सोडून गाईला मऊ जागी बसू द्या.